पिवळे ठिपके

बिबड्यांच्या दिवसांत आमच्या आजोळी धाब्यावर पाय ठेवायला जागा नसे. तापीकाठचे ते खानदेशातले गाव. वैशाखात सकाळी नऊलाच पायाला चटके बसत. आजी आणि दोघी मामी पहाटे तीनला उठून चूल पेटवीत, ज्वारीचे घाटलेले पीठ ओल्या फडक्यावर थापीत आणि उजाडायच्या आत उलट्या टाकलेल्या खाटांवर स्वच्छ धोतरे अंथरून त्यांवर बिबड्यांच्या रांगा लावीत. आम्हां मुलांचे काम कावळे हाकण्याचे. त्याचा मोबदला म्हणजे अर्धवट वाळलेला बिबडा. त्याची चव ज्याने घेतली नाही त्याला ती सांगून समजणार नाही.

१९६२ सालचा वैशाख मला आठवतो तो मात्र निराळ्या कारणाने. मी नऊ वर्षांचा होतो. दुपारी पहारा सोडून आम्ही ओट्यावर पत्ते कुटीत बसलो, आणि उन्हे कलताना आजी वर गेली तो खाटांवरची धोतरे, बिबडे, शेजारी वाळत घातलेला थोरल्या मामांचा सदरा, सगळ्यांवर पिवळे ठिपके! हळदीचे पाणी बोटांनी शिंपडावे तसे. आकाशात ढगाचा मागमूस नव्हता.

पलीकडच्या घराचे धाबे आमच्या धाब्याला लागूनच. मध्ये गुडघाभर उंचीची भिंत. तिथल्या काकूंचे आणि आजीचे आदल्याच आठवड्यात मोरीच्या पाण्यावरून वाजले होते. "हळदीचं पाणी कुठनं आलं ते मला कोणी सांगायला नको," एवढेच आजी म्हणाली. करणी हा शब्द तिने उच्चारला नाही. तो धाकट्या मामीने उच्चारला. ठिपक्यांसकट सारे बिबडे सालदाराच्या डोक्यावर देऊन तापीत सोडण्यात आले. दुसऱ्या दिवशी काकू विचारपूस करायला आल्या, तर आजीने दार उघडले नाही. काकूंची मुलगी माझ्या मामेबहिणीची जिवाभावाची मैत्रीण होती. दोन वर्षांनी तिचे लग्न झाले, तेव्हा आमच्या घरातले कोणीही अक्षता टाकायला गेले नाही. वाजंत्री मात्र आम्ही दार लावून ऐकली.

वेशीजवळच्या वडावर त्या वर्षी आग्यामोहोळाची सात पोळी लोंबत होती. ती आम्ही रोज येताजाता पाहत होतो.

योगायोग असा, की त्याच १९६२ साली खादी व ग्रामोद्योग आयोगाने पुण्यात मधमाश्यांच्या संशोधनाची मध्यवर्ती संस्था स्थापन केली. पण बिबड्यांवरच्या डागांचे उत्तर तिथे मिळेल असे आमच्या घरात कोणाला वाटण्याचे कारणच नव्हते. मलाही ते उत्तर मिळायला तेवीस वर्षे लागली, आणि ते मिळाले अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांच्या वाटेने. ती हकीकत सांगण्याआधी थोडे मागे जायला हवे, कारण मधमाशी उन्हाशी कशी झुंजते हे माणसाला कळत गेले त्याचीही एक जुनी आणि मोठी मौजेची कथा आहे.

मधमाशीची अडचण आपल्या घरातल्या बाळंतिणीच्या खोलीसारखी. पोळ्यात अंडी, अळ्या आणि कोष असतात, आणि त्यांना ३४ ते ३५ अंश सेल्सिअसच्या आसपासची ऊब लागते. एखाद्या अंशाने इकडेतिकडे चालते. पण बराच काळ ३६ च्या वर गेले, की पिल्ले अधू निपजतात किंवा मरतात. शिवाय घर मेणाचे. मेण वितळते ६२ अंशांच्या पुढे हे खरे, पण चाळिशी ओलांडली की ते मऊ पडू लागते, आणि मधाने जड झालेले पोळे स्वतःच्याच भाराने खाली येते. बाहेर ४४ अंश आणि आत ३५, हे गणित कोणतीही वीज न जाळता सोडवायचे!

प्राचीनांना हे अगदीच ठाऊक नव्हते असे नाही. रोमन कवी व्हर्जिल याने इसवी सनापूर्वी २९ च्या सुमारास शेतीवर जे काव्य पुरे केले, त्याचा चौथा सर्ग मधमाश्यांवर आहे. पोवाडे रचायचे सोडून हा महाकवी माश्यांच्या घराचे दार अरुंद ठेवा, कारण उन्हाने मध पातळ होतो, असे सांगत बसतो. पोळ्याजवळ पाणी असावे, दारावर झाडाची सावली असावी, आणि पाण्यात दगड व काटक्या टाकाव्यात, म्हणजे माश्यांना उतरायला जागा होते, असाही त्याचा सल्ला आहे. आमच्या सह्याद्रीतले मधपाळ पसरट भांड्यात खडे घालून पाणी ठेवतात ते काही व्हर्जिल वाचून नव्हे. पण माश्या त्या पाण्याचे करतात काय, हे त्यालाही ठाऊक नव्हते.

ते पाहायला एक आंधळा माणूस जन्मावा लागला.

फ्रान्स्वा ह्यूबर हा जिनिव्हाचा. जन्म १७५०. पंधराव्या वर्षापासून त्याची दृष्टी अधू होत गेली आणि पुढे सर्वस्वी गेली. मारी एमे ल्युलँ नावाच्या मुलीशी त्याचे मन जुळले होते. तिच्या वडिलांनी अर्थातच नकार दिला. मुलगी कायद्याने सज्ञान होईपर्यंत थांबली आणि त्याच्याशीच लग्न केले. घरात बुर्नन्स नावाचा एक नोकर होता. तो धन्याला पुस्तके वाचून दाखवी, आणि वाचता वाचता त्याला मधमाश्यांचे वेड लागले. पुढे ह्यूबर प्रश्न विचारी आणि बुर्नन्स डोळे लावून बसे. पोथीच्या पानांसारखी एकेक चौकट उघडता येईल अशी पेटी ह्यूबरने करवून घेतली होती. त्याचे पुस्तक १७९२ साली निघाले. वाढवलेली आवृत्ती १८१४ साली. शास्त्राच्या इतिहासात अशी धनी-नोकराची जोडी मला दुसरी ठाऊक नाही, आणि कीर्तीच्या वाटणीत बुर्नन्सवर अन्याय झाला नाही, ह्यूबरने त्याचे ऋण मोकळेपणी मानले, हे नोंदवून ठेवावेसे वाटते.

ह्यूबरला पडलेला प्रश्न साधा होता. हजारो माश्या एका बंद पेटीत, दार बोटभर. मग त्या गुदमरत कशा नाहीत? बुर्नन्सला दिसत होते, की काही माश्या तळाशी पाय रोवून उभ्या राहतात आणि उडायचे नसतानाही पंख हलवीत राहतात. ह्यूबरने दारापाशी धाग्याला कागदाचे कपटे, पिसे, कापूस असे हलके जिन्नस टांगायला लावले. ते हलू लागले. आत-बाहेर वारा वाहत होता. मग त्याने एका बंद पेटीला तेवढेच भोक ठेवून आत मेणबत्ती लावली. ती थोड्या वेळात विझली. त्याच पेटीत लहानसा पंखा बसवून फिरवला, तशी ज्योत जळत राहिली. माश्यांच्या घरात पंखेवाले असतात, हे अशा रीतीने एका अंध गृहस्थाने जगाला दाखवले. आपल्याकडे साहेबाच्या कचेरीत दोरी ओढणारा पंखेवाला असे. फरक एवढाच, की इथे साहेब कोणी नाही.

यात एक गंमत आहे. युरोपातली माशी वारा घालताना दाराकडे तोंड करून उभी राहते आणि आतली गरम हवा बाहेर खेचते. आमची सातेरी माशी तोंड बाहेर करते आणि बाहेरची हवा आत ढकलते. हे असे का, याचा मी पुष्कळ विचार केला. घरात कोण येते-जाते हे बघता बघता काम करण्याची सवय आपल्याकडे माणसांतही आहे, यापलीकडे माझी मजल गेली नाही.

नुसता वारा घालून मात्र भागत नाही. बाहेरचाच वारा ४४ अंशांचा असला, तर तो आत घेऊन काय होणार? इथे पाणी लागते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना ते भोवतालची सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जाते. माठातले पाणी गार होते ते याच हिशेबाने, आणि वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारायचे तेही याचसाठी. माश्या हीच युक्ती करतात हे नीट सिद्ध केले मार्टिन लिंडाउअर या जर्मन संशोधकाने, १९५४ साली. लिंडाउअर दुसऱ्या महायुद्धात रशियाच्या आघाडीवर जखमी झाला होता. बरा होत असताना म्यूनिकला तो कार्ल फॉन फ्रिश यांचे व्याख्यान ऐकायला जाऊन बसला, आणि त्याच्या आयुष्याची दिशाच फिरली. मधमाशीची नृत्यभाषा उलगडणारे आणि १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळवणारे ते हेच फ्रिश. संहार पाहून आलेला एक तरुण उरलेले आयुष्य माश्यांच्या पाणवठ्याकडे बघत घालवतो, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

लिंडाउअरने इटलीच्या दक्षिणेस सालेर्नोजवळ काळ्याभोर लाव्हाच्या पठारावर भर उन्हात एक पेटी ठेवली. दगड ७० अंशांना तापलेला. त्यावर पापड भाजला गेला असता! पण जोवर माश्यांना पाणी मिळत होते, तोवर पेटीच्या आतले तापमान ३५ च्या पुढे गेले नाही. त्याने पाहिले ते असे: पाणक्या माश्या पाणी आणतात. घरातल्या माश्या ते कप्प्यांच्या कडांवर बारीक थेंबांनी लावतात. काहीजणी तर पाण्याचा थेंब सोंडेत घेऊन तो पातळ पसरतात, पुन्हा ओढून घेतात, पुन्हा पसरतात. वरून पंखेवाल्या आहेतच. अगदीच असह्य झाले, तर रिकाम्या माश्या घर सोडून दाराबाहेर दाढीसारख्या लोंबत बसतात, म्हणजे आत तेवढी गर्दी कमी.

पण पाणी किती आणायचे, हे पाणक्यांना कोण सांगते? लिंडाउअरला सापडलेले उत्तर असे, की कोणीच नाही. पाणी घेऊन आलेल्या माशीच्या तोंडून घरच्या माश्या ते लगेच ओढून घेऊ लागल्या, की ती समजते, गरज आहे, आणि पुन्हा धावते. निकड फारच असली तर नाचून इतरांनाही बोलावते. तिला ताटकळत ठेवले, घेणारी सापडेना, की ती समजते, पुरे झाले. लग्नघरात वाढप्यांना एवढे कळते तर किती बरे होते!

पाणी आणणारी माशी स्वतः उन्हात उडते, तिचे काय? १९७९ च्या सुमारास बर्न्ड हाइनरिख याने दाखवले, की ती पोटातला रस थेंबभर तोंडाशी आणते आणि त्याची वाफ होऊ देऊन डोके गार ठेवते. अशाने मधमाशी ४६ अंशांच्या हवेतही उडू शकते. डोके थंड ठेवणे हा वाक्प्रचार तिने शब्दशः अमलात आणला आहे.

हे सारे झाले पेटीत, ढोलीत, भिंतीच्या आड राहणाऱ्या माश्यांचे. आमच्या आग्यामोहोळाला भिंतच नाही. उंच फांदीखाली किंवा कड्याखाली मेणाचे एकच भलेमोठे पोळे, कधी मीटरभर रुंद, उघड्यावर लोंबणारे. त्याच्यावर माश्याच एकमेकींना धरून कौलांसारखा पडदा करतात. तीच भिंत, तेच छप्पर. लिंडाउअर पुढे सिलोनला येऊन या माश्यांचे नाच पाहून गेला. पण त्यांच्या उन्हाळ्याची सर्वांत विलक्षण गोष्ट उघड झाली ती एका युद्धाच्या आरोपातून.

१३ सप्टेंबर १९८१ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री अलेक्झांडर हेग यांनी बर्लिन येथे भाषण करताना जाहीर केले, की लाओस आणि कंबोडियात विषारी बुरशीपासून काढलेली रसायने वापरली जात आहेत, आणि रोख होता तो सोव्हिएत रशियावर. लाओसमधून पळून आलेले ह्मोंग निर्वासित सांगत होते, की आकाशातून पिवळा पाऊस पडतो, आणि मग माणसे आजारी पडतात, मरतात. पानांवर, दगडांवर पिवळे ठिपके होते. पुरावा म्हणून ते गोळा करून आणले गेले. त्या काळी अण्वस्त्रांची बोलणी चालली होती. विषारी शस्त्रांचा करार रशियाने मोडला असेल, तर दुसऱ्या कोणत्या करारावर विश्वास ठेवायचा? ठिपका मसुरीएवढा, पण त्यावर एवढे सारे तोलून धरले होते.

मग कोणीतरी ते ठिपके सूक्ष्मदर्शकाखाली नीट पाहिले. त्यांत परागकण होते. एकदोन नव्हेत, ठिपका म्हणजे जवळजवळ परागच. हार्वर्डचे मॅथ्यू मेसेल्सन आणि मधमाश्यांचे अभ्यासक टॉमस सीली यांच्या ध्यानात आले, की या परागांची टरफले तेवढी शिल्लक आहेत आणि आतला गाभा पचून गेला आहे. पराग पचवणारा प्राणी कोणता?

फराळाचे ताट समोर घेऊन बसलेल्या वाचकांची इथे क्षमा मागतो. ती मधमाश्यांची विष्ठा होती.

१९८४ साली ही मंडळी थायलंडमध्ये गेली. मोठ्या झाडावर आग्यामोहोळाची पोळी लटकत होती. त्या परिसरात फिरत असताना त्यांच्या स्वतःच्याच अंगावर पिवळा पाऊस पडला. वर पाहिले तर माश्या इतक्या उंचीवर की दिसतही नव्हत्या. आणखी एक गोष्ट उजेडात आली. चीनमध्ये जिआंगसू प्रांतात १९७६ साली असाच पिवळा पाऊस पडून लोक घाबरले होते, आणि तो मधमाश्यांचा प्रताप असल्याचे चिनी शास्त्रज्ञांनी १९७७ सालीच छापून ठेवले होते. म्हणजे हेग बोलले त्याच्या चार वर्षे आधी उत्तर तयार होते, वाचणारा नव्हता. अमेरिकेच्या सरकारने आपला आरोप रीतसर मागे घेतला नाही तो नाहीच. ह्मोंग लोकांचे हाल मात्र खोटे नव्हते. त्यांच्यावर बाँब पडले होते, उपासमार झाली होती, माणसे खरोखर मेली होती. दुःख खरे आणि त्याचे बोट दाखवलेले कारण चुकीचे, असे घडले, की कोणाचेच समाधान होत नाही.

पण या माश्या सगळ्या मिळून एकाच वेळी हे का करतात? १९८९ साली मलेशियाचे मख्दझीर मर्दान आणि कॅनडातले पीटर केव्हन यांनी 'नेचर' या नियतकालिकात त्याचा खुलासा मांडला. भर उन्हात पोळे तापते. पडद्यातल्या प्रत्येक माशीच्या पोटात दिवसभराचा जड, तापलेला ऐवज असतो. दुपार कलताना हजारो माश्या एकदम उठतात, उंच जातात, भार टाकतात आणि परततात. या एका फेरीत माशीचे वजन सुमारे पाचव्या हिश्शाने घटते, आणि ती थंड होऊन पडद्यात परतते. उघड्यावरच्या पिल्लांना गार ठेवण्याचा हा उपाय असावा, असा त्यांचा तर्क आहे.

मी १९८५ साली नागपूरच्या एका वाचनालयात एका अमेरिकी मासिकात पिवळ्या पावसावरचा लेख वाचला. त्यात उष्णतेची मीमांसा नव्हती, पण ठिपके होते. ते छायाचित्र पाहताच मला बिबड्यांची खाट दिसली. मी तिथेच उठून उभा राहिलो. ग्रंथपालांनी चष्म्यावरून पाहिले. त्या उन्हाळ्यात मी मुद्दाम आजोळी गेलो. आजी १९७९ सालीच वारली होती, आणि काकू त्याच्या आदल्या वर्षी. थोरल्या मामांना मी सगळे सांगितले. हेग, हार्वर्ड, थायलंड, सगळे. ते सुपारी कातरीत ऐकत होते. अडकित्ता थांबवून म्हणाले, "त्या दिवशी वडावर मोहोळ होतं का रे?" मी म्हटले, सात होती. "हं," ते म्हणाले, आणि पुन्हा कातरू लागले. संध्याकाळी ते पलीकडच्या घरी गेले. काय बोलले ते त्यांनी सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही.

एवढे उपाय असूनही माशीची धाव अमर्याद नाही. कॅनडाच्या पश्चिमेला २०२१ च्या जूनमध्ये उष्णतेची लाट आली आणि लिटन गावी पारा ४९.६ अंशांवर गेला. त्या दिवसांत पेट्यांसमोर नर माश्या मरून पडलेल्या मधपाळांना सापडल्या. कामकरी माशी टिकते तिथे नर टिकत नाही. राणीचीही परीक्षा असते. ती तारुण्यात एकदाच काय ते मीलन करून आयुष्यभराचे बीज पोटात साठवते, आणि पारा ३८ च्या वर काही तास राहिला, तर ते बीज मरू लागते, असे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. २०२४ हे साल मोजमापे सुरू झाल्यापासूनचे जगातले सर्वांत उष्ण साल ठरले. आमच्या खानदेश-विदर्भात ४५ अंश ही आता बातमी राहिलेली नाही. सातेरीला निदान ढोली आहे. पण तिला पाणी हवे, आणि वैशाखात ओढ्यात पाणी असले तर. आग्या माशीकडे एक उपाय जास्त आहे: ती घर सोडून जाते. ऋतू पालटला, की सबंध मोहोळ उठते आणि दूर जाते. कित्येक महिन्यांनी परत येते. आसामात केलेल्या अभ्यासातून २००० साली सिद्ध झाले, की तीच राणी आपल्या जुन्या जागी परतलेली असते. कामकरी माश्यांचे आयुष्य थोड्या आठवड्यांचे. गेलेल्या माश्यांपैकी परत येणाऱ्यांत कोणी उरलेली नसते. मग वाट कोण दाखवते?

आजोळचा वड रस्ता रुंद करताना गेला. गेल्या चैत्रात मी तिथे होतो, तर गावाच्या पाण्याच्या उंच टाकीखाली तीन पोळी लागलेली. सिमेंटची टाकी, पण आत पाणी, सावलीही गार. माश्यांना आणखी काय हवे? पलीकडच्या घरी काकूंचा नातू असतो. त्याची नवी पांढरी मोटार दारात उभी होती आणि तिच्यावर पिवळे ठिपके. तो ओला फडका घेऊन पुसत होता आणि नाक्यावरच्या पोरांना शिव्या देत होता. मी त्याला टाकीकडे बोट करून दाखवले. त्याचा विश्वास बसला नाही. "काका, एवढ्याशा माश्या?" म्हणाला.

मी म्हटले, चल, धाब्यावर बसू. धाबे आता स्लॅबचे झाले आहे, पण मधली गुडघाभर भिंत अजून तशीच आहे. त्याच्या बायकोने चहा वरच आणून दिला. ऊन उतरू लागले होते. टाकीखालचे काळे पडदे एकदा थरथरले, पुन्हा शांत झाले. साडेचारच्या सुमारास त्यांतला मधला पडदा विस्कटल्यासारखा झाला आणि एक गुणगुण उठून वर वर जात नाहीशी झाली. आम्ही दोघेही तोंड वर करून बघत राहिलो. दिसले काहीच नाही. मग त्याने आपल्या सदऱ्याच्या बाहीकडे पाहिले.